ज्या त्या दिवसाची भाकर

येशूने शिष्यांना शिकवलेली प्रभूची प्रार्थना मराठीत म्हणताना एक गंमत होते. पिता, स्वर्ग, नाव, राज्य, इच्छा असं सगळं उंचावरचं बोलून होतं आणि मग प्रार्थना एकदम चुलीपाशी येऊन पाट ओढून बसते: 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.' पोळी नाही, अन्न नाही, पाव तर नाहीच. जिथे ही प्रार्थना पहिल्यांदा शिकवली गेली त्या गालीलात गहू आणि जव पिकायचे, जोंधळ्याचा तिथे संबंध नव्हता. पण मराठीत आणणाऱ्यांनी इथल्या गरिबाच्या ताटात जे असतं तेच उचललं, आणि फार शहाणपणाचं केलं. चर्चच्या शब्बाथ शाळेतल्या सहा वर्षांच्या पोराला 'राज्य येवो' म्हणजे काय ते समजवावं लागतं, भाकर समजवावी लागत नाही.

गोची अशी की भाकरीबद्दल जे आपल्याला पक्कं ठाऊक असतं ते आपण या ओळीला कधी लावून बघत नाही.

ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो. म्हणून त्यात कढत पाणी घालावं लागतं. उष्णतेने पिठातलं सत्त्व फुगतं आणि तेच पीठ धरून ठेवतं. गार पाण्यात भिजवलं तर थापताना कडा फाटतात. परातभर पीठ एकदम मळून ठेवायचं नाही, एका भाकरीपुरता गोळा घ्यायचा, तळव्याने रगडायचा, मऊ झाला की लगेच थापायचा. तव्यावर टाकली की वरच्या पिठाळ अंगावर पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. उशीर झाला तर भेगा पडतात, भेगांतून वाफ निघून जाते आणि भाकरी फुगत नाही. पीठ दळून बरेच दिवस झाले असतील तर त्याची विरी गेलेली असते, मग सुगरणीचाही हात तिथे चालत नाही. आणि सगळं जमून आलं तरी सकाळची भाकरी रात्री ताठ होते, दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा तुकडा मोडताना आवाज येतो.

देवाच्या प्रीतीवरचा भरवसा नेमका या जातीचा आहे. तो साठवून ठेवता येत नाही. ज्याला तो हवा त्याने त्या दिवसाचा त्या दिवशी मळावा लागतो. श्रद्धेत वीस-वीस वर्षं घालवलेली माणसं एखाद्या मंगळवारी दुपारी अचानक रिकामी का होतात, याचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं. त्यांच्याजवळ साक्ष असते. अमुक साली देवाने आजारातून उठवलं, तमुक साली नोकरी दिली. ती खोटी नसते, पण शिळी असते आणि आजची भूक तिने भागत नाही.

मूळ ग्रीक प्रार्थनेत 'रोजची' या जागी 'एपिऊसिओस' असा शब्द आहे. मत्तय आणि लूक यांनी आपापल्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, दिलेल्या या प्रार्थनेबाहेर तो जुन्या ग्रीक लिखाणात जवळजवळ मिळतच नाही. तिसऱ्या शतकात ओरिगेन या पंडिताने लिहून ठेवलं आहे की हा शब्द ना विद्वानांच्या पोथ्यांत आहे ना बाजारातल्या बोलण्यात, शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनीच तो घडवला असावा. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने लॅटिन पाठ तयार करताना लूकमध्ये 'रोजची' केलं आणि मत्तयात त्याच शब्दाचं 'सत्त्वापलीकडची' असं काहीतरी भारी केलं. एकच माणूस, एकच शब्द, दोन अर्थ. आणखी एक अर्थ अभ्यासक सांगतात: 'येऊ घातलेल्या दिवसाची'. हा अर्थ व्यवहाराला मोठा सोयीचा आहे. सकाळी म्हटली तर येऊ घातलेला दिवस म्हणजे आज, रात्री निजताना म्हटली तर उद्या. यापलीकडे अर्थ ताणला जात नाही. 'या आर्थिक वर्षाची भाकर' असा अर्थ अजून कुणी काढलेला नाही.

ज्यांना ही प्रार्थना पहिल्यांदा शिकवली गेली त्यांच्या कानात भाकर म्हटल्यावर एक जुनी गोष्ट वाजत असणार. पवित्र शास्त्रातल्या निर्गम या पुस्तकाचा 16 वा अध्याय. मिसरातून सुटलेले लोक रानात उपाशी आहेत, आणि सकाळी दव उडून गेल्यावर जमिनीवर काहीतरी खवल्यांसारखं पडलेलं दिसतं. 'मान हू?' म्हणजे 'हे काय?' असं ते एकमेकांना विचारतात, आणि तेच त्याचं नाव पडतं, मान्ना. नियम चार ओळींत बसतील इतके साधे आहेत. माणशी एक ओमर गोळा करायचा, म्हणजे आजच्या मापाने साधारण दोन लिटरचं भांडं. ऊन तापलं की वितळतं, तेव्हा सकाळीच. दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं नाही. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट, कारण सातवा दिवस विसाव्याचा. काहींनी अर्थातच ठेवून पाहिलं. त्याला किडे पडले आणि घाण सुटली. सहाव्या दिवशीच्या दुपटीला मात्र काही झालं नाही, आणि तरीही काही जण सातव्या दिवशी सकाळी भांडी घेऊन बाहेर पडलेच! माणसाचा स्वभाव त्या अध्यायात जितका ओळखीचा वाटतो तितका फार थोड्या ठिकाणी वाटतो. एकाला उद्याची भीती म्हणून तो आज साठवतो, दुसऱ्याला विसावा दिला तरी घेता येत नाही.

पुढचा प्रश्न रोज सकाळचा आहे. गोळा कसं करायचं?

बहुतेकांची गाडी एकाच वळणावर अडकते आणि तिचा हिशेब अगदी सोपा आहे. 1 जानेवारीला संकल्प होतो की यंदा पवित्र शास्त्र संपूर्ण वाचायचं. प्रॉटेस्टंट पाठात 1189 अध्याय आहेत. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात संपतात, हेही गणित बरोबर आहे. पण उत्पत्तीचे 50 आणि निर्गमाचे 40 मिळून 90. म्हणजे जानेवारी संपता संपता माणूस लेवीय पुस्तकाच्या दारात उभा असतो, आणि तिथे यज्ञबलींच्या चरबीचे, कोडाच्या तपासणीचे, भिंतीवरच्या बुरशीचे नियम सुरू होतात. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस चुकतात, सहा अध्याय तुंबतात, तुंबलेल्याचा अपराधीपणा येतो आणि पुस्तक पुन्हा कपाटावर जातं. दोष लेवीयाचा नाही. त्याला कुणीतरी हात धरून वाचून दाखवावं लागतं. नवख्याने मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करावी. सोळा अध्याय आहेत, रोज अर्धा घेतला तरी महिन्याभरात होतात, आणि ज्याच्या प्रीतीवर भरवसा ठेवायचा तो माणूस निदान चालता-बोलता समोर येतो.

शास्त्रातल्याच स्तोत्रांसाठी मात्र एक जुनी युक्ती आहे आणि ती खरोखर चालते. स्तोत्रं 150, महिन्याचे दिवस 30. आजची तारीख घ्यायची आणि तिच्यात तीस-तीस मिळवत जायचं. सात तारीख असेल तर 7, 37, 67, 97, 127. ही पाच वाचायचीच असं नाही. पाचांवरून नजर फिरवायची आणि आज जे आपल्या तोंडचं वाटेल ते एक घ्यायचं. 29 तारखेला 119 वं स्तोत्र येतं. ते 176 ओव्यांचं, हिब्रू वर्णमालेच्या 22 अक्षरांवर प्रत्येकी आठ ओळी बांधलेलं. ते त्या दिवशी सोडून द्यायचं आणि 31 तारखेसाठी ठेवायचं, कारण त्या तारखेला दुसरं काही नसतं. निवडलेलं स्तोत्र मोठ्याने वाचायचं. ओठ हलवून पुटपुटत नव्हे, आपल्याच कानाला ऐकू येईल असं. डोळे ओळीवरून घसरतात, कान घसरत नाहीत. मग पुन्हा एकदा, सावकाश. दुसऱ्या वाचनात एखादी ओळ अडते, ती दिवसभरासाठी घ्यायची. हवं तर दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवावी. या सगळ्याला दहा मिनिटं लागतात. ज्याला पाचच मिळतात त्याने पाच घ्यावीत, पण फोन हातात यायच्या आधीची पाच. फोननंतरची अर्धा तास असली तरी उपयोग कमी, कारण तोवर घरात वीस माणसं शिरलेली असतात.

आणि निवड फक्त गोड स्तोत्रांतून करायची नाही. इथे आपल्या मंडळ्यांची, म्हणजे चर्चची, एक जुनी खोड आहे. 23 वं पाठ, 121 वं पाठ, 91 वं गाडीच्या काचेवर. पण त्या दीडशेत एक तृतीयांशाहून अधिक स्तोत्रं तक्रारीची आहेत हे पुष्कळांना ऐकून धक्का बसतो. 13 वं घ्या. सहाच ओव्या, एका मिनिटाच्या आत संपतं. पहिल्या दोन ओव्यांत 'कोठवर' असा सवाल चारदा येतो: कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार. मग दोन ओव्या मागणं. मग शेवटच्या दोन ओव्यांत एकदम 'मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे'. मधे काय घडलं? परिस्थिती बदलल्याचं स्तोत्रात कुठेही लिहिलेलं नाही. बदलली ती एकच गोष्ट, तक्रार जिथे न्यायची तिथे नेली गेली. 88 वं तर एवढीही सवलत देत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधार याच शब्दापाशी संपतं. ज्यांनी हा संग्रह जुळवला त्यांनी ते गाळलं नाही, शेवटी एखादी आशेची ओळ चिकटवली नाही. देवावर रागावलेला माणूस देवाशीच बोलतो आहे, एवढं त्यांना पुरेसं वाटलं.

म्हणून दुःखाच्या घरी जाऊन 'विश्वास कमी पडला' म्हणणाऱ्यांचा राग येतो. त्यांनी विलापगीत उघडून बघावं. यरुशलेम जळून खाक झाल्यानंतरची ही पाच गीतं. पहिलं, दुसरं, चौथं आणि पाचवं 22-22 ओव्यांचं, मधलं 66 ओव्यांचं. 'त्याच्या करुणेला खंड पडत नाही. ती रोज सकाळी नवी होते' ही जी ओळ आपण वाढदिवसाच्या कार्डावर छापतो ती या मधल्या गीतात येते, आणि तिच्या आधी एकवीस ओव्या माणूस दात खडीवर घासले गेल्याचं, तोंडात कडू दवणा कोंबल्याचं सांगत असतो. ती ओळ म्हणून झाल्यावरही रडणं थांबत नाही, आणखी दोन गीतं चालतं. शेवटची ओवी जवळजवळ प्रश्नच आहे: तू आम्हाला टाकलंस का? 'रोज सकाळी नवी' हे शब्द ज्याने लिहिले त्याच्यासमोर त्या सकाळी जळकं गाव होतं.

मराठीत हे सगळं आणू पाहणाऱ्या एका बाईंचं आयुष्य या ओळीच्या शेजारी ठेवण्यासारखं आहे. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण 1870 च्या दशकातल्या दुष्काळात गेले. भाऊ 1880 मध्ये, पती 1882 मध्ये. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्याच बाईंनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली-बायका उचलून आणल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना जेवू घातलं. त्यांच्यासाठी पवित्र शास्त्र सोप्या मराठीत हवं म्हणून स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून भाषांतराला बसल्या. ते काम वर्षानुवर्षं चाललं. 1921 मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. बाईंनी मुद्रितं तपासणं सोडलं नाही, आणि 5 एप्रिल 1922 ला त्याही गेल्या. मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातून खिळे जुळून ते पूर्ण शास्त्र 1924 मध्ये बाहेर आलं. भरवसा म्हणजे मनाची प्रसन्न अवस्था असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या शेवटच्या वर्षातलं टेबल डोळ्यांसमोर आणावं. मुलगी गेलेली, समोर ओली मुद्रितं, आणि आज अमुक पानं तपासायची आहेत.

वचनपेटीबद्दलही बोलायला हवं, कारण ती आपल्याकडे घरोघर आहे. 31 डिसेंबरच्या रात्री उपासनेनंतर ताटातून चिठ्ठी उचलायची, जे वचन निघेल ते वर्षभराचं. निरुपद्रवी प्रथा आहे, आवडीचीही. पण चिठ्ठीवर ओवी मावते, अध्याय मावत नाही. सगळ्यात लाडकी चिठ्ठी यिर्मया 29:11 ची, बाबेलात कैद करून नेलेल्यांना यिर्मया संदेष्ट्याने लिहिलेल्या पत्रातली. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. नोकरीची मुलाखत, व्हिसा, लग्न, सगळ्याला ती लागू केली जाते. हिच्या अगदी वरची दहावी ओवी कुणी वाचत नाही. ती सांगते, बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर! ज्यांना हे पत्र गेलं त्यातले बरेचसे तिथेच मरणार होते. आणि त्याहून वर, पाचव्या ते सातव्या ओवीत, तोवर काय करायचं तेही लिहिलं आहे: घरं बांधा, मळे लावा आणि त्यांचं फळ खा, लेकरांची लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला कैद करून नेलं त्याचं भलं मागा. वचन आहेच, पण त्याचा हप्ता रोजच्या घरकामात फेडायचा आहे. चिठ्ठी निघाली तर एवढंच करावं, त्याच रात्री ती ओवी आहे तो अध्याय उघडून वरून खालपर्यंत वाचावा. निम्मा गैरसमज तिथेच मिटतो.

भाकरीनंतर प्रार्थनेत लगेच कर्ज येतं. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड.' पापाला इथे ऋण म्हटलं आहे, आणि ऋण मोजता येतं. मत्तयाच्या 18 व्या अध्यायातला दृष्टान्त रुपयांत उतरवून पाहिला तरच त्याची चपराक बसते. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे साधारण 6000 दिनार. त्या चाकराचं राजाकडे देणं 10,000 तालांत, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला 300 दिवस कामाचे धरले तर दोन लाख वर्षं. ते सगळं माफ होतं, आणि बाहेर पडताच तो ज्याचा गळा धरतो त्याचं देणं आहे 100 दिनार, त्याच हिशेबाने चार महिन्यांची मजुरी. लक्षात घ्या, शंभर दिनार काही थोडे नाहीत. दुखावलेल्या माणसाचं दुखणं दृष्टान्त खोटं ठरवत नाही. शेजारी कोणता आकडा आहे तेवढं दाखवतो.

क्षमा करताना गडबड होते ती रक्कम न लिहिता वही फाडायला गेल्यावर. 'जाऊ दे, झालं गेलं' म्हणून टाकलं की चार दिवसांनी तेच वर येतं. आधी नेमकं म्हणावं लागतं: अमक्याने माझं अमुक केलं, त्याने माझं इतकं गेलं. देवापुढे, एकांतात, शब्दांत. मग आपण काय वसूल करायचं सोडतो आहोत तेही नेमकं ठरवावं लागतं. टोमणा मारणं सोडतो, नातेवाइकांत सांगत फिरणं सोडतो, रात्री मनात तो खटला पुन्हा चालवणं सोडतो. राग लगेच जात नाही, जाणारही नाही. उद्या सकाळी तोच हिशेब पुन्हा उघडलेला दिसेल, तो पुन्हा सोडायचा. ही पण रोजचीच भाकर. समोरासमोर बोलायचं असेल तर त्याच अध्यायात क्रम दिला आहे: आधी दोघंच, मग एकदोन जणांना बरोबर घेऊन, आणि मग मंडळीपुढे. आपण तो बरोबर उलटा चालवतो. आधी मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, मग मंडळीतल्या चार वडीलधाऱ्यांच्या कानात, आणि ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला ती पाळकांकडून कळते.

एक गोष्ट मात्र स्वच्छ सांगायला हवी. घरात मार खाणाऱ्या बाईला 'सत्तर वेळा सात' ऐकवून परत पाठवणं ही क्षमेची शिकवण नव्हे. तिला आधी सुरक्षित जागा हवी, 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर हवा, आणि 2005 च्या घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली संरक्षण मागता येतं हे सांगणारं कुणी हवं. ऋण सोडणं धनकोच्या हातात असतं, आणि त्याचा अर्थ पुन्हा उधार द्यायलाच हवं असा होत नाही. ज्या मंडळीला हा फरक कळत नाही तिने या विषयावर उपदेश करू नये.

संध्याकाळची घरची उपासना पुष्कळ घरांत बंद पडली आहे, आणि ती बंद पडण्याचं कारण टीव्ही असं सांगितलं जातं. बहुतेक ठिकाणी खरं कारण लांबी हे असतं. बारा मिनिटांत ती नीट होते. एक गीत, तीन कडव्यांपेक्षा जास्त नको. दहा-पंधरा ओव्यांचं वाचन, आणि ते वडिलांनीच करायचं असा काही नियम नाही, अडखळत वाचणाऱ्या पोराने केलं तर उत्तम. मग प्रत्येकाचं एक वाक्य, उपकाराचं किंवा मागण्याचं. आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. बिघडते ती दोन ठिकाणी. घरातला कर्ता माणूस प्रार्थनेचा उपयोग पोरांना झापायला करतो: 'हे प्रभू, तू जाणतोस की हल्ली काहीजण अभ्यास करत नाहीत.' पोरांना लगेच कळतं की हे प्रभूशी चाललेलं नाही. दुसरं म्हणजे विनंतीच्या नावाखाली चुलत-मावस घरांतल्या बातम्या. कॅथलिक घरांत रोझरीचं, म्हणजे जपमाळेचं, बरं असतं, दहा-दहा मण्यांच्या पाच दशकांना पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि शब्द ठरलेले असल्यामुळे कुणाला भाषण करता येत नाही.

गीताचं महत्त्व मराठी ख्रिस्ती माणसाला वेगळं सांगायला नको. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंगांत, भजनांत ही श्रद्धा अशी बसवली की अक्षर न ओळखणारी म्हातारीही निंदणी करताना ती म्हणू शकली. पाठ झालेलं गीत हाच तिचा ग्रंथ. याच टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली. असली उडी प्रत्येकाने घ्यावी असं नाही, आणि घरच्यांच्या जिवावर तर मुळीच घेऊ नये. रानातल्या भूकमळांकडे बघा म्हणणाऱ्या येशूने त्याच दमात पाखरांकडेही बघायला सांगितलं आहे, आणि पाखरं पेरत नसली तरी दिवस उजाडल्यापासून घरट्यात बसून राहत नाहीत. विमा उतरवणं, मुलाच्या फीसाठी बाजूला टाकणं, औषधाच्या गोळ्या वेळेवर घेणं यात अविश्वास नाही. साठवलेल्यावर रात्री झोप येते आणि देवावर येत नाही, तिथून बिघडायला सुरुवात होते.

निजताना करायचं एक आत्मपरीक्षण सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी पाच पायऱ्यांत बांधून दिलं. उपकार मानणं, बघण्यासाठी उजेड मागणं, दिवस तासातासाने परत चालून येणं, चुकलं त्याची क्षमा मागणं, उद्यासाठी एक ठरवणं. हा क्रम मोडला की औषधाचं विष होतं. उपकार पहिले आहेत ते उगीच नाही. थेट चुकांपासून सुरुवात केली तर अंथरुणावर कोर्ट भरतं, आणि त्यात आरोपीही आपण, फिर्यादीही आपण, न्यायाधीशही आपणच. आधी तीन नेमक्या गोष्टी आठवायच्या. 'आरोग्य, कुटुंब, छप्पर' असली ठोक यादी नको. लोकलमध्ये कुणीतरी सरकून जागा दिली, डाळ उतू जाता जाता वाचली, ज्याला फोन करायचं टाळत होतो त्याचाच आला. प्रीतीचा पुरावा किरकोळीत मिळतो. पाचव्या पायरीवर उद्यासाठी एकच गोष्ट ठरवायची, आणि ती करता येण्याजोगी. 'मी सहनशील होईन' हे ठरवणं नव्हे. 'सासूबाई औषधाचं तिसऱ्यांदा विचारतील तेव्हा मी वर बघून उत्तर देईन' हे ठरवणं झालं.

राहिली देण्याची गोष्ट. दशमांशाचा हिशेब सोपा आहे आणि त्यावर वादही फार, तो इथे नको. त्याहून सुंदर एक रीत मिझोरामच्या मंडळ्यांत 1910 पासून चालत आली आहे. तिला 'बुहफाई थाम' म्हणतात, मूठभर तांदूळ. घरातली बाई प्रत्येक वेळी भात टाकताना एक मूठ तांदूळ वेगळ्या भांड्यात काढते. मंडळीतल्या बाया ते घरोघरून गोळा करतात, विकतात, आणि पैसा देवाच्या कामाला जातो. आपल्याकडे पिठाची मूठ धरली तर चाळीस-पन्नास ग्रॅम भरते. दोन वेळची मिळून महिन्याला साठ मुठी, म्हणजे अडीच-तीन किलो, एका म्हाताऱ्या जिवाची जवळजवळ पंधरवड्याची भाकरी. ही रीत चालते याचं कारण ती शिलकीतून निघत नाही. महिन्याच्या शेवटी उरलं तर देऊ म्हणणाऱ्याचं कधीच उरत नाही. इथे मूठ आधी निघते, भाताचं आधण नंतर. शिवाय ती ओट्यापाशी निघते, जिथे भूक म्हणजे काय ते हाताला कळत असतं. याकोबाच्या पत्रात उपाशी भावाला 'जा, खाऊन तृप्त हो' म्हणून नुसतंच पाठवणाऱ्याची टर उडवली आहे. त्याचं आजचं रूप म्हणजे 'तुमच्यासाठी प्रार्थना करतो' असा मेसेज. करावीच, पण दवाखान्यात बसलेल्या माणसाला त्याबरोबर डबाही लागतो, आणि रात्री दोन ते पहाटे सहा खाटेशेजारी बसायला कुणीतरी लागतं.

शिळ्या भाकरीला मघाशी फारच नावं ठेवली. तिच्यावर थोडा अन्याय झाला. योहानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजारांना जेवू घालतात त्या भाकरी जवाच्या, म्हणजे गरिबाच्या, आणि सगळे पोटभर जेवल्यावर येशू सांगतो की उरलेले तुकडे गोळा करा, काही वाया जाऊ देऊ नका. बारा टोपल्या भरतात. रानातल्या मान्नाला किडे पडले होते, इथल्या तुकड्यांना टोपल्या मिळतात. दोन्ही भाकरी एकाच हाताने दिलेल्या. फरक गोळा करण्याच्या कारणात असावा: तिथे उद्या मिळणार नाही या भीतीने झाकून ठेवली होती, इथे मिळाली म्हणून वेचली. जुन्या साक्षींचं तसंच. त्या उद्याची तरतूद म्हणून उराशी धरल्या तर वास येतो. वेचून, कुस्करून, कुणाच्या तरी ताटात वाढल्या तर चालतात. कालची भाकरी बारीक चुरायची, तेलात मोहरी, कांदा, लसूण, हिरवी मिरची परतायची, पाण्याचा हबका मारून चुरा त्यात टाकायचा आणि पाच मिनिटं झाकण ठेवायचं. न्याहारीला चौघांना पुरते. दुपारच्या भाकरीसाठी पीठ मात्र पुन्हा परातीत घ्यावंच लागतं, आणि पाणी कढत हवं.